ला होया शोअर्सच्या लेपर्ड शार्क : पैसे कशाचे द्यावेत आणि कशाचे नाही

आधी निकाल सांगते. सॅन दिएगोत ला होया शोअर्सच्या किनाऱ्याला उन्हाळा संपत आला की कमरेएवढ्या पाण्यात लेपर्ड शार्क येऊन थांबतात. त्या शार्कना पाच तारे. त्या दाखवायला म्हणून जी दोन तासांची गाइडेड स्नॉर्केल टूर (तोंडात नळी धरून, पाण्यावर पालथं तरंगत बघायचं) विकली जाते, तिला तीन. आणि त्या तिनांतला एक तारा निव्वळ वेटसूटचा, म्हणजे थंड पाण्यात ऊब धरून ठेवणाऱ्या त्या रबरी पोशाखाचा.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आव्हेनिदा दे ला प्लाया या एवढ्याशा रस्त्यावर कयाक आणि स्नॉर्केलवाल्यांची रांगच आहे, आणि मला जे खटकलं ते त्यातल्या कुठल्याही दुकानात कुणालाही खटकू शकतं. हा रिव्ह्यू दुकानाचा कमी आणि त्या सगळ्या व्यवहाराचा जास्त आहे असं समजा.

माझी भाची मुक्ता एमएस करायला यूसीएसडी या इथल्या विद्यापीठात आली. इथे क्वार्टर पद्धत असल्यामुळे तास सुरू व्हायला सप्टेंबरची अखेर उजाडते, त्यामुळे पोरगी आमच्याकडे मोकळीच होती. "मावशी, आपण शार्कबरोबर पोहायला जाऊ या" हे तिनं इतक्या सहज म्हटलं की मला वाटलं कुठल्या तरी मत्स्यालयाबद्दल बोलतेय. नाही, खुल्या समुद्रात. माझं पोहणं म्हणजे जिमच्या गरम तलावात रोजच्या ठरावीक फेऱ्या. मुक्ताला पोहता येतं, पण समुद्रात ती कधी गळ्याच्या वर भिजलेली नव्हती. नवरा मालवणचा. त्यानं मोरी (शार्कला तिकडे मोरी म्हणतात) आजवर फक्त रश्श्यात पाहिलेली आणि ती तिथेच राहावी असं त्याचं स्पष्ट मत. तो गाडीच्या किल्ल्या आणि चपला सांभाळायला वाळूवर बसला.

बसण्याआधी त्यानं जेवढं भीतीदायक मिळालं तेवढं सगळं शोधून मला वाचून दाखवलं. ते खोटं नव्हतं, म्हणून इथे लिहिते. याच किनाऱ्यावर उत्तरेला सोलाना बीचला २००८ मध्ये शार्कच्या हल्ल्यात एक पोहणारा गेला. टॉरी पाइन्स आणि डेल मारच्या पुढ्यात ग्रेट व्हाइट शार्कची पिल्लं फिरत असतात. लाँग बीचच्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ड्रोन उडवून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या अशा जागा तपासल्या. २०२३ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, पिल्लं जमतात अशा जागी पाहणीच्या ९७ टक्के दिवशी माणसं आणि शार्क एकाच पाण्यात होते. म्हणजे लाटांवर पोरं सर्फिंग करतायत, खालून शार्क जातायत, आणि वर कुणाला पत्ता नाही. नवऱ्याच्या मते ही भिण्याची बातमी. माझ्या मते उलट. रोज शेजारून जाणाऱ्यांना चावायचं असतं, तर एव्हाना या किनाऱ्यावर एक सर्फर शिल्लक राहिला नसता.

आणि आम्ही ज्या बघायला निघालो होतो त्या वेगळ्याच. लेपर्ड शार्क ओरेगॉनपासून खाली मेक्सिकोतल्या माझात्लानपर्यंतच्या किनाऱ्यालाच सापडते, जगात दुसरीकडे कुठे नाही. पूर्ण वाढली तरी बहुतेक चार-पाच फुटांची. तोंड खालच्या अंगाला आणि लहान. वाळूतले शिंपले, खेकडे, किडे, माशांची अंडी हा तिचा आहार. माणसाशी भांडणाची एकच जुनी नोंद सगळीकडे फिरवली जाते. १९५५ साली कॅलिफोर्नियाच्या पार उत्तरेला ट्रिनिडॅड बे इथे नाकातून रक्त येणाऱ्या एका पाणबुड्याच्या मागे एक लेपर्ड शार्क लागली होती. त्यालाही इजा झाली नाही. हे ऐकल्यावर नवरा म्हणाला, "मग पैसे कशाचे?" प्रश्न रास्त होता. पुढचा सगळा मजकूर त्याच्याच उत्तरात आहे.

आम्ही माणशी ७५ डॉलर दिले, टिप वेगळी. वेबसाइटवर लिहिलं होतं दोन तास, लहान गट. आता दोन तासांचा हिशेब पाहा. घड्याळ सुरू होतं ते दुकानात पाय ठेवल्यापासून. मग टॅबलेटवर सही करायचा तो लांबलचक फॉर्म, ज्यात तुम्ही मेलात तर तुमची चूक असं सात वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असतं. मग सूट, मग मास्क, मग किनाऱ्यापर्यंतची चाल, मग वाळूवर उभं करून सूचना. प्रत्यक्ष पाण्यात आम्ही तास भरायच्या आतच बाहेर. गट "लहान" म्हणजे फोनवर सहा जणांचा होता, वाळूवर उभे राहिलो तेव्हा दहा झाले होते. गाइड एकच.

पण वेटसूटबद्दल चकार शब्द वाईट काढणार नाही. इथलं पाणी बघून फसू नका. ऊन लख्ख, आकाश निळं, पोस्टकार्डातला कॅलिफोर्निया. आणि पाणी १९ अंश. वरून खाली येणारा कॅलिफोर्निया प्रवाह थंड, त्यात वारा पृष्ठभागाचं पाणी बाहेर ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं. पलीकडे स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेचा लांब धक्का दिसतो, तिथे १९१६ पासून रोज समुद्राचं तापमान मोजतात. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथे ७८.६ अंश फॅरेनहाइट लागलं, म्हणजे साडेपंचवीस सेल्सिअसच्या वर, तर पेपरात बातम्या आल्या. एरवी पंचवीस इथल्या पाण्याला परवडत नाही. आमच्या जिमचा तलाव सत्तावीस-अठ्ठावीसचा असतो आणि त्यातही काही जणी कुडकुडतात.

पहिला सूट मला एक नंबर मोठा दिला. काउंटरवरच्या पोरानं माझ्याकडे एक नजर टाकून साइझ ठरवला, वजन-उंची विचारायचा संकोच केला बहुधा. हा संकोच महागात पडतो. मोठ्या सूटमध्ये पाणी आत-बाहेर खेळत राहतं आणि ऊब टिकत नाही. मी बदलून मागितला. बदलून मागाच. बरोबर साइझची ओळख अशी की, घालताना तुम्हाला वाटलं पाहिजे की हा आपल्याला होणारच नाही. पायाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली की सूटचं निऑप्रीन रबर सरकतं, ही युक्ती शेजारच्या बाकावर बसलेल्या एका सत्तरीच्या बाईंनी शिकवली, दुकानानं नाही. त्या रोज पोहायला येतात म्हणे. चेन पाठीमागे असते आणि तिला हातभर लांब दोरी असते, म्हणजे स्वतःची स्वतःला ओढता येते. मुक्तानं माझी ओढली, मी तिची. हा सोहळा पंधरा मिनिटं चालला आणि पाण्यात शिरायच्या आधीच दोघींना घाम फुटला.

पाण्यात शिरताना पाय उचलायचे नाहीत, वाळूतून घासत पुढे न्यायचे. हे गाइडनं नीट सांगितलं, करून दाखवलं, आणि जो विसरला त्याला ओरडला. त्याबद्दल त्याला पूर्ण गुण. कारण या किनाऱ्यावर चावणारी गोष्ट शार्क नाहीच. स्टिंगरे आहेत. थाळीएवढे चपटे मासे वाळूत अंग पुरून पडलेले असतात, त्यांच्यावर पाय पडला की शेपटीचा काटा घोट्यात. पाय घासत नेले की त्यांना चाहूल लागते आणि ते आपणहून सरकतात. काटा लागलाच तर लाइफगार्डच्या टॉवरवर जायचं, ते सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून बसवतात. आम्ही आत जात होतो तेव्हा एक गोरा पोरगा बादलीत पाय घालून बसलेला दिसला, चेहरा पांढराफटक. नवऱ्यानं लांबूनच मला बोट दाखवून तो दाखवला.

छातीपर्यंत पाणी आलं. मग पुढची लाट मानेशी आली, आणि गळ्यापाशी सूट जिथे सैल असतो तिथून थंड पाण्याची एक रेघ पाठीच्या कण्यावरून सरळ कमरेपर्यंत उतरली. तोंडातून जे काय निघालं ते मराठीत निघालं, त्यामुळे गटातल्या कुणाला कळलं नाही. मिनिटभरात ते पाणी अंगाच्या उबेनं कोमट होतं आणि मग विसरायला होतं. हात आणि चेहरा मात्र शेवटपर्यंत गारच.

जागा कुठली तर किनाऱ्याचं दक्षिणेकडचं टोक, मरीन रूम नावाच्या रेस्टॉरंटच्या समोर. भरतीला ज्याच्या काचांवर लाटा येऊन आदळतात तेच ते. एवढी ख्याती असलेल्या हॉटेलसमोर, एवढ्या उथळ पाण्यात, जंगली शार्क. ही जागाच का, याचं कारण मला फार आवडलं. ला होयाची समुद्राखालची दरी इथे किनाऱ्यापासून अवघ्या काहीशे मीटरवर सुरू होते. दरीमुळे लाटांची ताकद बाजूला वळते, वरून ला होयाच्या भूशिराचा आडोसा. त्यामुळे या कोपऱ्यात पाणी शांत, उथळ आणि आजूबाजूपेक्षा थोडं उबदार राहतं. आणि इथे येणाऱ्या लेपर्ड शार्क बहुतेक सगळ्या माद्या असतात, त्याही गाभण. दहा-बारा महिने पिल्लं पोटात वाढवायची, तर उबेत ती लवकर वाढतात असं संशोधकांचं म्हणणं. दिवसा उथळ पाण्यात ऊब घ्यायची, रात्री खोलावर पांगायचं. अंडी पोटातच उबतात आणि पिल्लं जिवंत बाहेर येतात. बाळंत व्हायला मात्र त्या इथे थांबत नाहीत.

यातलं गाइडनं सांगितलं ते एवढंच, "दे आर ऑल मॉम्स." बाकी सगळं मी आदल्या रात्री वाचलं होतं. ७५ डॉलरमध्ये एवढं तरी सांगायला हवं होतं. स्क्रिप्स संस्था चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि या शार्कवर तिथे इतकं काम झालंय. त्यातला एक प्रयोग तर मी मुक्ताला दोनदा सांगितला. अँड्र्यू नोसाल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इथल्या शार्क पकडून बोटीतून किनाऱ्यापासून सुमारे ९ किलोमीटर आत नेऊन सोडल्या. काहींच्या नाकपुड्यांत व्हॅसलीनसारखं काहीतरी लावलेला कापूस कोंबला होता. ज्यांची नाकं मोकळी होती त्या बऱ्यापैकी सरळ रेषेत किनाऱ्याकडे वळल्या. नाक बंद असलेल्या भरकटत, हळूहळू, वेडीवाकडी वळणं घेत गेल्या. म्हणजे किनारा त्यांना वासानं सापडतो. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्यात उभ्या असलेल्या दहा लोकांना ही गोष्ट सांगायला दोन मिनिटं लागली असती.

पण गाइडचा डोळा! तो मात्र मानला. आम्ही पाण्याकडे बघत होतो आणि आम्हाला चमक दिसत होती. तो बघत होता आणि त्याला सावल्या दिसत होत्या. ऊन पाठीमागे राहील असं त्यानं सगळ्यांना वळवून उभं केलं, मास्कमध्ये थुंकून काच चोळायला लावली (मुक्तानं नाक मुरडलं, पण न थुंकलेल्यांच्या काचा पाच मिनिटांत धुरकटल्या), आणि म्हणाला, आता पाय मारायचे नाहीत. आडवं व्हायचं आणि लाट नेईल तिकडे जायचं. मुक्ताला त्यानं पोटाखाली एक फळी दिली. फळीला दोन्ही बाजूंनी धरून ती पालथी तरंगू लागली आणि तिच्या श्वासाचा आवाज मला शेजारून ऐकू यायला लागला, आधी भराभर, मग हळूहळू लयीत.

पहिल्यांदा नुसती वाळू. लाटेबरोबर पुढे सरकणारी, मागे येणारी, तिच्यात अभ्रकाचे सोनेरी कण चमकतायत. तळाशी वाळूच्या बारीक वळ्या. पाणी त्या दिवशी फार स्वच्छ नव्हतं, दहा-बारा फुटांपलीकडे सगळं हिरवट धूसर. मी त्या धुसरात बघत होते, कारण शार्क लांबून येणार अशी आपली समजूत. ती आली खालून. म्हणजे तिथेच होती. माझ्या पोटाखालच्या वाळूचा एक लांबट पट्टा हलला आणि त्याला शेपूट होती.

राखाडी-तपकिरी पाठ. पाठीवरून दोन्ही अंगांना उतरणारे गडद पट्टे, जुन्या ठशांसारखे मध्ये फिकट आणि कडेला काळे. पट्ट्यांच्या मधल्या जागेत ठिपके. वरून येणारी उन्हाची जाळी तिच्या पाठीवरून सरकत होती आणि त्या जाळीत पट्टे विरघळून जात होते. दोन हातांवर असताना मला ती स्पष्ट दिसत होती, चार हातांवर गेली आणि नाहीशी झाली. पळाली नाही, नुसती वाळूत मिसळली. शेपटीचा वरचा पंख खालच्यापेक्षा लांब असतो, तो डावीकडे गेला की डोकं उजवीकडे, असं सगळं अंग सावकाश झुलत होतं. कुठे जायची घाई नाही. डोळा माझ्याकडे होता की नव्हता, सांगता येणार नाही. मला वाटलं होता.

मग एकदा नजर बसली की दिसतच राहतात. एक इकडून, दोन तिकडून, एक जरा जाडजूड पोटाची अगदी तळाला घासून. त्यांच्यात मध्येच एक फावड्यासारख्या नाकाचा मासाही पडलेला होता, अर्धा वाळूत. तो शार्क नव्हे, गिटारफिश. तो रे माशांच्या जवळचा. बाहेर आल्यावर मुक्तानं शार्कची लांबी सहा फूट सांगितली. मी चार म्हणाले. मास्कच्या काचेतून पाण्यातलं सगळं मोठं आणि जवळ दिसतं, त्यामुळे दोघींचं खरं धरायला हरकत नाही.

हे सगळं किती निवांत होतं हे सांगणं गरजेचं आहे, कारण जाहिरातीत "थरार", "अॅड्रेनलिन" असले शब्द लिहिलेले असतात आणि मागे दात विचकलेल्या शार्कचं चित्र. तो थरार हवा असेल तर इथे येऊ नका, पैसे फुकट जातील. या शार्क भित्र्या आहेत. आपल्या पायातली एक फिन (पोहताना घालायचा रबरी पंख) जोरात आपटली की तीन दिसेनाशा होतात.

आणि इथेच माझी मुख्य तक्रार. आमच्या गटात एक गृहस्थ होते, हातभर दांडीला कॅमेरा लावलेले. शार्क दिसली की ते पाय मारत तिच्या मागे. ती पळाली की पुढचीच्या मागे. त्यांच्या फिन्सनी उडवलेल्या वाळूत आमचं दिसणं बंद. पहिल्या वेळी मला वाटलं गाइड आता बोलेल. दुसऱ्या वेळीही वाटलं. तो हसून "ईझी, ईझी" म्हणाला आणि विषय संपला. टिप कुठून येते हे त्याला ठाऊक होतं. माहेरपणाला आलेल्या गरोदर बाईच्या तोंडासमोर दांडी धरून तिला घरभर पळवलं तर आपण काय म्हणू? हा सगळा पाण्याचा तुकडा माटलाहुआयल स्टेट मरीन रिझर्व्ह आहे, २०१२ पासून. इथून शिंपला उचलायचीही परवानगी नाही. एवढा कडक नियम असलेल्या जागी दहा माणसांना घेऊन येणाऱ्याला एका माणसाला थांबवता येत नसेल, तर त्यानं पाचच आणावीत. शेवटी मुक्ताच त्या गृहस्थांना म्हणाली, "सर, यू आर स्केअरिंग देम." फळीला धरून, दात वाजवत. मग ते जरा शांत झाले.

बाहेर आलो तर फोटोंचं पॅकेज. गाइडनं मधून मधून काढलेले फोटो, ३० डॉलर. दाखवलेल्या नमुन्यात शार्क सुरेख होती, फक्त ती आमच्या दिवसाची नव्हती. पाणी काचेसारखं निळं होतं, आमचं हिरवं होतं. विचारलं तर "ही क्वालिटीची कल्पना यावी म्हणून." नाही घेतले. दुकानाबाहेरच्या फळ्यावर "शार्क नक्की दिसणार" अशा अर्थाचं लिहिलेलं होतं, त्याबद्दलही विचारलं. न दिसल्या तर पैसे परत का? नाही, पुढच्या टूरवर सवलत. जंगली जनावराची हमी देणाऱ्याचा मला एरवीही संशय येतो.

आता पैशांचं. तुम्हाला समुद्रात पोहायची सवय असेल तर टूर घेऊ नका. किनारा सगळ्यांचा आहे आणि शार्क कुणाच्या मालकीच्या नाहीत. त्याच रस्त्यावर वेटसूट भाड्यानं मिळतो. मी नंतर एकटी गेले तेव्हा सूट, मास्क, स्नॉर्केल धरून ३५ डॉलरमध्ये काम झालं. फिन्स घेतल्याच नाहीत, एवढ्या उथळ पाण्यात त्या मध्येच येतात. कुणीतरी बरोबर असावं, निदान वाळूवरून लक्ष ठेवणारं. लाइफगार्डना आधी विचारावं की आज पाणी कसं आहे. ते अगदी दोन वाक्यांत सांगतात, टूरवाल्यांपेक्षा खरं सांगतात, आणि लाटा मोठ्या असल्या तर उद्या या म्हणतात. टूरवाल्याला तसं म्हणणं परवडत नाही.

पण मुक्तासारखं कुणी असेल, पोहता येतं पण समुद्राचा धाक आहे, तर एकदा टूर घ्या. ती फळी आणि शेजारी एक सराईत माणूस, याचे पैसे वसूल होतात. फक्त बुक करताना फोन करून विचारा की एका गाइडमागे किती माणसं आणि पाण्यात प्रत्यक्ष किती वेळ. ही दोन उत्तरं गुळमुळीत आली तर पुढचं दुकान. आणि टूर नेमकी कुठे नेते तेही विचारून घ्या. काही जण "ला होया स्नॉर्केल" म्हणून पलीकडे कोव्हला नेतात. तिथे सी लायन आणि केशरी गॅरिबाल्डी मासे भरपूर आहेत, वासही भरपूर आहे, आणि खडकाळ खोल पाणी आहे. जागा सुंदरच आहे, पण कमरेएवढ्या पाण्यातल्या लेपर्ड शार्क बघायला आलेल्यानं तिथे जाऊन उपयोग नाही.

मोसम जूनपासून सुरू होतो म्हणतात, पण जूनमध्ये इथे दिवस दिवस ढग हटत नाहीत आणि वरून उजेड नसेल तर खालच्या शार्क दिसत नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबर चांगला. त्यातही लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार, इथली सुट्टी) उलटल्यानंतरचा, आठवड्यातला मधला वार. सकाळचं मळभ दहा-साडेदहाला विरतं, वारा दुपारी सुटतो, त्या मधल्या वेळात पाण्यात असावं. केलॉग पार्कची पार्किंगची जागा फुकट आहे आणि म्हणूनच ती उन्हाळ्यात सकाळीच भरते. साडेआठला या. वेळ काढायला तिथे फरशीवर समुद्राखालच्या दऱ्यांचा भलामोठा रंगीत नकाशा केलेला आहे, त्याच्यावर चालत आपण कुठे पोहणार ते बघता येतं. नवऱ्यानं सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावरच घालवला आणि माहितीही माझ्यापेक्षा जास्त गोळा केली.

जेवून जाऊ नका, पण उपाशीही नको. सनस्क्रीन मानेच्या मागे आणि पोटऱ्यांना, पालथं तरंगताना तेवढंच उन्हात राहतं. सूट आखूड घेतलात तर पोटऱ्या चार दिवस बोलतात. किनाऱ्यावर शॉवर आहेत, पाणी गारच. सूट आधी पूर्ण ओला करून मग उतरवा, सुटतो लवकर. आणि भाड्याचा घेतला असेल तर पावतीची मागची बाजू वाचा. परत करायची वेळ उलटली की दुसऱ्या दिवसाचं भाडं लावतात, आणि ती वेळ तिथे अगदी बारीक अक्षरात असते.